एअर बेड घेताना : आधी माणूस बघा, मग गादी



आजचा विषय दुकानात विचारल्या जाणाऱ्या एका प्रश्नापासून सुरू करते. घरातलं कुणीतरी रुग्णालयातून घरी यायचं असतं. अर्धांगवायूचा झटका आलेला असतो, नाहीतर खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालेलं असतं, नाहीतर वयापरत्वे अंथरूण धरलेलं असतं. डॉक्टर निघताना सांगतात, "एअर बेड घेऊन ठेवा." आपण समोरच्या मेडिकल स्टोअरमध्ये जातो. दुकानदार विचारतो, "बबलवाला देऊ की ट्यूबवाला? की वॉटर बेड देऊ?" आपल्याला यातलं काहीच माहीत नसतं. अँब्युलन्स ठरलेली असते, घरी पलंग लावायचा बाकी असतो. मग आपण म्हणतो, "चांगल्यातला द्या." तो महागातला देतो.

तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला असा, हैदराबादला किंवा बंगळुरूला असा, हा प्रसंग सगळीकडे सारखाच घडतो. म्हणून आज त्या प्रश्नाचं उत्तर नीट समजून घेऊ.

पहिल्यांदा एक गोंधळ दूर करते. एअर बेड या एकाच नावाने दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एक असते पाहुण्यांसाठीची किंवा सहलीला न्यायची फुगवायची गादी. ती एकदा हवा भरून बंद करायची आणि वर झोपायचं. दुसरी असते रुग्णाची गादी. तिच्यात शंभराहून अधिक फुगे किंवा पंधरा-वीस आडव्या नळ्या असतात, आणि एक छोटा पंप रात्रंदिवस चालू राहून त्यांत हवा खेळवत असतो. ऑनलाइन मागवताना घाईत पहिली वस्तू घरी आल्याची उदाहरणं खूप आहेत. चित्रात पलंगाच्या पायथ्याशी टांगलेला पंप आणि त्यातून निघालेल्या दोन नळ्या दिसल्या, तर ती रुग्णाची गादी. आज आपण फक्त तिच्याबद्दल बोलणार आहोत.

मुळात जखम का होते?

गादी निवडायची तर ती कशासाठी घ्यायची हे आधी कळायला हवं.

आपण निरोगी माणसं रात्रभर एका कुशीवर झोपत नाही. झोपेतसुद्धा शरीर कळ काढतं, मग आपण वळतो, पाय हलवतो. आपल्याला ते आठवतही नाही. ज्याला वळता येत नाही, किंवा ज्याला संवेदनाच नाही, त्याचं शरीर ज्या हाडावर टेकलं तिथेच टेकून राहतं. हाड आणि गादी यांच्या मध्ये कातडी आणि मांस दाबलं जातं. तिथल्या केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या बंद होतात. या वाहिन्यांतला दाब ढोबळमानाने ३२ मिलिमीटर पारा इतका असतो, म्हणजे रक्तदाब मोजताना आपण जो १२०-८० ऐकतो त्यापेक्षा खूप कमी. साध्या गादीवर माकडहाडाखाली किंवा टाचेखाली पडणारा दाब याहून सहज जास्त भरतो. काही तास रक्त पोचलं नाही की तिथलं मांस मरायला लागतं. ते आतून, हाडाजवळ सुरू होऊ शकतं, त्यामुळे वर कातडीला छोटा डाग दिसतो आणि आत मोठी पोकळी झालेली असते.

दाबाला आणखी दोन सोबती आहेत. एक म्हणजे घसरणं. पलंगाचं डोकं खूप उंच केलं की माणूस हळूहळू खाली सरकतो. कातडी चादरीला चिकटून राहते आणि आतलं हाड पुढे सरकतं. आतल्या वाहिन्या पिळल्या जातात. दुसरा सोबती ओल. घाम, लघवी, शौच यांनी भिजलेली कातडी लवकर फाटते.

यालाच आपण बेडसोअर म्हणतो, मराठीत शय्याव्रण. नेहमीच्या जागा लक्षात ठेवा : माकडहाड, दोन्ही खुबे, टाचा, घोटे, कोपरं, खांद्यांचे फरे आणि डोक्याची मागची बाजू.

"एवढीशी जखम" म्हणून हे सोडून देऊ नका. सुपरमॅनची भूमिका करणारा अभिनेता ख्रिस्तोफर रीव्ह १९९५ मध्ये घोड्यावरून पडला आणि मानेखाली लुळा झाला. पैसा होता, परिचारिका होत्या, उत्तम उपकरणं होती. तरीही ऑक्टोबर २००४ मध्ये, ५२ व्या वर्षी तो गेला, तेव्हा अशाच एका जखमेतून झालेल्या जंतुसंसर्गावर त्याचे उपचार चालू होते आणि त्यातच त्याचं हृदय बंद पडलं. तेव्हा ही गादी आरामाची वस्तू म्हणून घ्यायची नसते.

ही गादी करते काय?

गादीतल्या फुग्यांचे किंवा नळ्यांचे दोन गट असतात. एक आड एक. पंप आधी पहिल्या गटात हवा भरतो आणि दुसऱ्यातली काढतो. साधारण दहा मिनिटांनी उलट करतो. त्यामुळे माकडहाडाखालची जी जागा आत्ता दाबली गेली, तिला थोड्या वेळाने मोकळीक मिळते, तिथे रक्त फिरतं. आपण झोपेत जे वळतो, त्याची ही छोटीशी नक्कल आहे. दोन नळ्या असतात त्या यासाठीच, एकेका गटाला एकेक.

म्हणजे गादी दाब नाहीसा करत नाही, तो वाटून देते. आजच्या सगळ्या बोलण्यातलं एक वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा : एअर बेड आपल्याला थोडा वेळ मिळवून देतो, माणसाला कुशीवर वळवण्याचं काम मात्र आपल्याकडेच राहतं.

दुकानात जाण्याआधी चार प्रश्न

पहिला प्रश्न. माणूस स्वतः किती हलू शकतो? ज्यांना स्वतःहून कुशीवर वळता येतं, आधाराने उठून बसता येतं, चार पावलं चालता येतात, त्यांना एअर बेडची गरज असेलच असं नाही. उलट हवेच्या गादीची कड दबते, काठावर बसताना तोल जातो, हाताने रेटून उठणं अवघड होतं. अशा माणसाला चांगल्या दाट फोमची गादी जास्त सोयीची. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीत दोन हजारांहून अधिक रुग्णांना एकतर उत्तम प्रतीच्या फोमवर किंवा हवा खेळणाऱ्या गादीवर ठेवलं होतं. फोमवर शंभरातल्या सुमारे नऊ जणांना नवी जखम झाली, हवेच्या गादीवर सुमारे सात जणांना. फरक आहे, पण इतका मोठा नाही की हवेची गादी घेतली म्हणजे काम झालं असं म्हणता येईल. ते रुग्ण रुग्णालयात होते, त्यांच्याकडे बघायला प्रशिक्षित माणसं होती, हेही ध्यानात घ्या.

दुसरा प्रश्न. जखम आधीच झाली आहे का? डॉक्टर तिच्या चार पायऱ्या मानतात. पहिल्या पायरीत कातडी अखंड असते, पण लाल डाग बोटाने दाबल्यावर पांढरा पडत नाही. दुसऱ्या पायरीत वरची कातडी निघते किंवा फोड येतो. तिसऱ्या पायरीत जखम खाली चरबीपर्यंत जाते आणि चौथ्या पायरीत मांस, हाड दिसू लागतं. जखम नसेल किंवा पहिल्या पायरीवर असेल आणि घरात वळवणारं माणूस असेल, तर साधी बबलची गादी बहुतेकदा पुरते. तिसरी-चौथी पायरी असेल तर दुकानदाराचं ऐकून काही घेऊ नका. जखम बघणाऱ्या डॉक्टरांना विचारूनच गादी ठरवा.

तिसरा प्रश्न. वजन किती? प्रत्येक गादीवर ती किती किलोपर्यंत चालते ते लिहिलेलं असतं. आजारपणाच्या आधीचं वजन सांगू नका, आत्ताचं सांगा. आकडा काठावर असेल तर वरची गादी घ्या. वजन झेपलं नाही की माणूस फुग्यांमधून खाली पलंगाला टेकतो आणि गादी असून नसल्यासारखी होते.

चौथा प्रश्न. तुमचं घर कसं आहे? वीज किती वेळ जाते, इन्व्हर्टर आहे का, रात्री उठून वळवायला कोण आहे, उन्हाळ्यात खोली किती तापते? नागपूर-इंदूरकडच्या मे महिन्यात किंवा किनारपट्टीच्या दमट हवेत प्लॅस्टिकच्या गादीवर पाठ घामाने चिंब होते. हे दुकानदाराला माहीत नसतं, तुम्हालाच सांगावं लागतं.

आता प्रकार बघू

बबल गादी. ही साधारण अडीच इंच उंच असते, तिच्यावर छोटे छोटे फुगे असतात. ही नेहमीच्या गादीवर अंथरायची असते, नुसत्या फळ्यांवर किंवा लोखंडी पलंगावर नाही. दोन-अडीच हजारांच्या आसपास सुरू होते, हलकी असते, गुंडाळून नेता येते. तिची अडचण ही की एक फुगा फुटला तर बहुतेकदा सगळी गादीच बाद होते. पंक्चरसारखी चिकटवायची पट्टी सोबत मिळते, ती जपून ठेवा.

ट्यूब गादी. हिच्यात गादीच्या रुंदीभर आडव्या नळ्या असतात. उंची चार-पाच इंच, काहींची त्याहून जास्त. वजनदार माणसाला, महिनोन्‌महिने अंथरुणावर राहणाऱ्याला, किंवा ज्याला आधी जखम होऊन गेली आहे त्याला ही बरी. हिचा मोठा फायदा असा की एखादी नळी खराब झाली तर तेवढीच बदलता येते. पण ते सुटे भाग तुमच्या गावात मिळतात का, हे घेण्याआधी विचारा. किंमत बबलच्या दुप्पट-तिप्पट आणि पुढेही जाते. आणखी एक गोष्ट, पलंगाला कठडा असेल तर गादीच्या उंचीमुळे तो तितकाच ठेंगणा होतो. माणूस वरून पडू शकतो. कठड्याची उंची मोजून या.

काही ट्यूब गाद्यांच्या नळ्यांना बारीक छिद्रं असतात. त्यांतून थोडी थोडी हवा वर येत राहते आणि कातडी कोरडी राहायला मदत होते. घाम खूप येत असेल, खोली तापत असेल, तर या गादीचा विचार करा. पण जोडीला पंप तसाच दमदार लागतो.

वॉटर बेड. ही कल्पना जुनी आहे. नील आर्नट या स्कॉटिश डॉक्टरने १८३२ मध्ये रुग्णांच्या जखमा टाळण्यासाठी पाण्यावरचं अंथरूण तयार केलं. आजही आपल्याकडे रबराचा वॉटर बेड मिळतो. विजेची गरज नाही, आवाज नाही, ही त्याची जमेची बाजू. पण हिशेब करा. १५ लिटरच्या पाच बादल्या ओतल्या तर ७५ किलो वजन पलंगावर आलं. माणसाचं वजन वेगळं. मग ती गादी हलवता येत नाही, माणसाला तिच्यावर वळवणं जड जातं, आणि थंडीत पाणी गार पडतं. उत्तर भारतात राहणाऱ्यांनी याचा जरूर विचार करावा. जिथे वीज दिवसाचे कित्येक तास नसते आणि इन्व्हर्टरही नाही, तिथे वॉटर बेड किंवा चांगला फोम या दोघांतून निवड करावी लागते.

आणि रिंग. मध्ये भोक असलेली हवेची रिंग दुकानदार आपुलकीने हातात ठेवतो, "जखम अधांतरी राहील" म्हणतो. ऐकायला पटतं, पण घेऊ नका. रिंगच्या काठावर सगळा भार येतो, भोवतीच्या वाहिन्या दाबल्या जातात आणि नेमकं मधल्या भागालाच रक्त कमी मिळतं. जखमांवर काम करणारे तज्ज्ञ आज ती वापरू नका असंच सांगतात.

दुकानात काय तपासायचं?

गादी तिथेच फुगवून दाखवायला सांगा. वीस-पंचवीस मिनिटं थांबा. गादी पूर्ण फुगायलाच इतका वेळ लागू शकतो. मग हात ठेवून बघा, एक गट भरतोय आणि दुसरा उतरतोय हे जाणवलं पाहिजे. ऑनलाइन घेतली असेल तर हीच तपासणी घरी पहिल्या दिवशी करा, म्हणजे परत पाठवायची मुदत हातची जाणार नाही.

पंपाला कान लावा. दुकानाच्या गोंगाटात जो आवाज ऐकूच येत नाही, तो रात्री दोन वाजता डोक्यात घुमतो. पंपावर किती वॅट लिहिलेत ते बघा. समजा १० वॅट असतील. चोवीस तासांत २४० वॅट-तास, म्हणजे पाव युनिटही नाही. महिन्याला सात-सव्वासात युनिटं. बिलाच्या भीतीने रात्री पंप बंद करणारी घरं मी पाहिली आहेत. तसं करू नका.

पंपावर दाब कमी-जास्त करायचं बटण आहे ना? ते नसेल तर घेऊ नका. गादीच्या डोक्याकडे आणि पायाकडे खाली खोचायला लांब पट्टे आहेत ना? नाहीतर ती सरकत राहते. लांबी-रुंदी तुमच्या पलंगाला बसते ना? वॉरंटी पंपाची किती आणि गादीची किती, हे वेगवेगळं विचारा. पंपाची वर्षभराची असते आणि गादीची काहीच नसते, असं अनेकदा निघतं. बिलावर लिहून घ्या. वीज गेल्यावर किती वेळात हवा उतरते, हेही विचारून ठेवा.

आजार थोड्या दिवसांचा असेल तर भाड्याने घेण्याचा विचार करा. मोठ्या शहरांत भाड्याने मिळते. रुग्णोपयोगी साहित्य देणाऱ्या संस्था बऱ्याच गावांत असतात, तिथेही चौकशी करा. वापरलेली गादी घेताना मात्र ती साबणाच्या पाण्याने पुसून, वाळवून घ्या आणि एक रात्र रिकामी फुगवून ठेवा. सकाळी कुठे बसलेली दिसली तर परत करा.

चांगली गादी, वाईट वापर

आता आमच्याच घरातली चूक सांगते, कारण ती फार जण करतात. आमच्या सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशननंतर घरी आणलं तेव्हा मी बरीच शोधाशोध करून ट्यूबची गादी घेतली होती. पहिल्या रात्री त्या म्हणाल्या, "सूनबाई, हे प्लॅस्टिक करकर वाजतं गं, आणि गार लागतं." मी वरून त्यांची जुनी गोधडी घातली, त्यावर रबरी कापड, त्यावर चादर. पंपाचं बटण घट्टवर नेऊन ठेवलं, म्हटलं भरपूर हवा बरी. आणि गादी आहे म्हणून रात्री वळवायला उठले नाही.

दहाव्या दिवशी पुसताना त्यांच्या डाव्या टाचेवर जांभळट डाग दिसला. दोन दिवसांत फोड आला. मी रोज पाठ बघत होते, टाच बघितलीच नव्हती. ती भरून यायला अडीच महिने लागले, आणि तेवढे दिवस त्यांचं चालणं लांबलं. गादीत काहीही दोष नव्हता. गोधडीने आणि रबरी कापडाने फुग्यांची हालचाल अडवली होती, घट्ट भरलेल्या नळ्या दगडासारख्या झाल्या होत्या, आणि टाच अशी जागा आहे की तिथे भार इंचभर हाडावर येतो. कुठलीही गादी तिला पुरेशी वाचवत नाही.

त्यातून शिकले ते आता तुम्हाला सांगते.

गादीवर एकच पातळ सुती चादर घाला, तीही सैल. ताणून खोचली तर फुगे वर येऊ शकत नाहीत. ओलीसाठी एकच शोषून घेणारं अंडरपॅड ठेवा. गोधडी, रबरी कापड, थरावर थर नकोत. सेफ्टी पिन अजिबात नको. गार वाटत असेल तर अंगावर पांघरूण वाढवा, अंगाखाली नाही. गरम पाण्याची पिशवी गादीवर ठेवू नका. गादीला धोका आहेच, शिवाय ज्याला संवेदना नाही त्याला भाजलेलं कळत नाही.

पंपाचं बटण वजनाप्रमाणे लावा आणि हाताने खात्री करा. व्हिडिओमध्ये हे मी करून दाखवलं होतं, इथे शब्दांत सांगते. माणूस उताणा झोपलेला असताना, तळहात वर करून हात हवेच्या गादीखाली, बरोबर माकडहाडाच्या खाली सरकवा. दहा मिनिटं तसाच ठेवायची तयारी ठेवा, म्हणजे दोन्ही गट उतरताना कळेल. तिथली हवा उतरलेली असतानाही हात आणि माणूस यांच्यात किमान इंचभर जाडी राहिली पाहिजे. हाड हाताला लागलं तर हवा कमी आहे किंवा गादी वजनाला पुरत नाही. उलट माणूस वर तरंगल्यासारखा, ताठ वाटत असेल तर हवा जास्त आहे. ही चाचणी आठवड्यातून एकदा करा.

टाचांसाठी पोटरीखाली लांबट उशी ठेवा, गुडघ्यापासून घोट्याच्या वरपर्यंत. टाच अधांतरी राहिली पाहिजे. तिच्याखालून कागद सरकला पाहिजे.

साधारण दर दोन तासांनी कूस बदला. डॉक्टरांनी वेगळं अंतर सांगितलं असेल तर ते पाळा. पूर्ण कुशीवर नको, तिथे सगळा भार खुब्यावर येतो. पाठीमागे उशी लावून ३० अंशांच्या आसपास कलतं ठेवा. वर सरकवायचं असेल तर काखेत हात घालून ओढू नका. अंगाखाली आडवी चादर घालून दोघांनी उचलून सरकवा. जेवण झाल्यावर पलंगाचं डोकं परत खाली आणा. ३० अंशांपेक्षा उंच फार वेळ ठेवू नका, डॉक्टरांनी दम्यासाठी किंवा अन्ननळीसाठी सांगितलं असेल ती गोष्ट वेगळी. खुब्याचं ऑपरेशन झालं असेल तर कोणत्या कुशीवर आणि कसं वळवायचं हे आधी त्यांच्याकडूनच समजून घ्या.

रोज आंघोळ घालताना किंवा पुसताना सगळ्या हाडांच्या जागा उजेडात बघा. लाल डाग दिसला तर बोटाने दाबा, सोडा, पांढरा पडून परत लाल होतो का बघा. आपल्यापैकी अनेकांची कातडी सावळी असते, तिथे लाली दिसतच नाही. तिथे हात फिरवा. शेजारच्यापेक्षा गरम किंवा गार लागतंय, कडक झालंय, लिबलिबीत लागतंय किंवा जांभळट दिसतंय, तर तोही इशाराच. अशा जागेवर मालिश करू नका. "रक्त फिरेल" म्हणून जोरात चोळल्याने आतलं दुखावलेलं मांस जास्त फाटतं. त्या बाजूवर भार देणं थांबवा, आणि काही तासांनीही डाग तसाच राहिला तर डॉक्टरांना कळवा. वास येणं, पू, ताप, काळी पडलेली कातडी, यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी.

वीज जाण्याची तयारी ठेवा. पंप इन्व्हर्टरवर जोडून एकदा चालवून बघा. नेहमीपेक्षा वेगळा घरघराट आला किंवा पंप तापला तर इन्व्हर्टरवाल्याला दाखवा. इन्व्हर्टर नसेल तर हवा उतरेपर्यंतच वेळ आहे असं समजा, आणि त्या काळात कूस बदलणं नेहमीपेक्षा लवकर करा. पंप पायथ्याशी टांगलेला ठेवा, त्यावर पांघरूण पडू देऊ नका, नळ्या पलंगाच्या पायाखाली दबल्या नाहीत ना ते बघा. पंपाच्या हवेच्या जाळीवरची धूळ मधून मधून पुसा.

आणि खाणं. जखम टाळायला आणि भरायला शरीराला प्रथिनं लागतात. डाळ, दूध, दही, अंडी, ज्याला जे चालतं ते. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवा. बरीच घरं रुग्णाला नुसती पेज आणि भाताचं पाणी देतात. मऊ जेवण द्या, पण त्यात ताकद असू द्या.

तर मग काय घ्यायचं?

थोडक्यात सांगते. स्वतः वळतो-बसतो त्याला चांगला फोम. वळू शकत नाही, जखम नाही, वजन बेताचं, काही आठवड्यांचा प्रश्न, तर बबल. महिनोन्‌महिन्यांचं अंथरूण, जास्त वजन किंवा जखमेचा इतिहास, तर ट्यूब. खोल जखम असेल तर डॉक्टरांना विचारून. विजेचा भरवसा नाही तिथे फोम किंवा पाणी. रिंग कुणालाच नाही.

ट्यूब आणि बबल यांच्या किमतीत जो फरक आहे, त्या पैशांत रात्री चार तास मदतीला येणारं माणूस काही दिवस मिळत असेल, तर कधी कधी ते जास्त उपयोगी पडतं. घरात एकटी बाई सगळं करत असेल तर हा हिशेब नक्की मांडा. तिची कंबर गेली तर कूस कोण बदलणार?

आमच्या सासूबाई नंतर काठी घेऊन चालायला लागल्या. ती गादी आता आमच्या मंडळाच्या कपाटात आहे, ज्याला लागेल तो नेतो. नेणाऱ्याला मी सोबत पोटरीखालची उशीही देते, आणि सांगते, गादी चालू केल्यावर आधी फोनमध्ये दर दोन तासांचा गजर लावा.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत तुमची काळजी घ्या, आणि तुमच्याकडे कुणी अंथरुणावर असेल तर आज रात्री त्यांच्या टाचा बघा.